प्रत्येक वाडीचा आकडा वेगळा : पुराच्या सिम्युलेशन प्रशिक्षणाचे पाच दिवस

२०२४च्या जूनमध्ये बदलीनं मी कृष्णाकाठच्या एका तालुक्यात नायब तहसीलदार म्हणून रुजू झाले आणि कामवाटपात नैसर्गिक आपत्तीचं टेबल माझ्याकडे आलं. जुलैत सांगलीला आयर्विन पुलाजवळचं कृष्णेचं पाणी चाळीस फुटांजवळ जाऊन उतरलं. ते चार दिवस मी फोन कानाला लावून काढले. कुणाला काय सांगितलं, कधी सांगितलं, यातलं आज धड काही आठवत नाही. वरिष्ठ होते, तलाठी अनुभवी होते, म्हणून निभावलं. पुढच्या वेळी पाणी उतरलं नाही तर काय, हा प्रश्न मात्र तेव्हापासून डोक्यातून गेला नाही.

१७ जानेवारीला प्रशिक्षणाचं पत्र आलं. विषय : ‘सिम्युलेशन व कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने आपत्ती व्यवस्थापन’. सिम्युलेशन म्हणजे खऱ्यासारख्या काल्पनिक प्रसंगाचा सराव. मुक्काम पुण्याला, दिवस पाच. तिथं नेमकं काय करून घेतात ते मराठीत शोधलं, तर उद्घाटनाचे फोटो आणि हारतुऱ्यांच्या बातम्याच मिळाल्या. संगणकावर आपण अडलो तर सगळ्यांसमोर काय होईल, याची धास्ती होती. माझ्या मागून जाणाऱ्यांना ती थोडी कमी वाटावी म्हणून हे लिहिते आहे. तालुक्याचं आणि संस्थेचं नाव मुद्दाम लिहीत नाही.

आधी कागदपत्रांचं. नामनिर्देशनाचा नमुना भरून २४ जानेवारीला वर पाठवला, ३ फेब्रुवारीला निवडयादी आली. दोन गोष्टी तेव्हाच करून ठेवा. एक, कार्यमुक्तीचा आदेश लेखी आणि तारखेसह घ्या, त्याच्याशिवाय प्रवास भत्त्याचं देयक अडतं. दोन, तुमच्या टेबलाचा पदभार कुणाकडे आहे तेही लेखी असू द्या. माझ्या बाबतीत ते तोंडी राहिलं आणि पहिल्या दिवशी चहाच्या सुट्टीत मी पुण्यातून अवकाळीच्या पंचनाम्यांची माहिती फोनवर सांगत उभी होते.

खर्च फारसा नव्हता. महिलांना एसटीत अर्धं तिकीट असल्यानं जाता-येता मिळून चारशेच्या आसपास लागले. राहणं-जेवण संस्थेचं, वसतिगृहाची अनामत पाचशे रुपये, ती निघताना परत मिळाली. शाल घेऊन जा. संगणकाच्या खोलीत एसी इतका गार असतो की दुपारनंतर बोटं आखडतात.

जाण्याआधी काही वाचून जायचं असेल तर राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाची २०१०ची घटना प्रतिसाद प्रणालीची मार्गदर्शिका चाळा. जाडजूड आहे, सगळी वाचायची गरज नाही. जिल्ह्यात जबाबदार अधिकारी जिल्हाधिकारी, तालुक्याच्या प्रतिसाद पथकाचं नेतृत्व तहसीलदारांकडे आणि त्यांच्या हाताखाली कार्यवाही, नियोजन आणि रसद असे तीन विभाग, एवढी चौकट डोक्यात बसली तरी पुरे. मी ती एसटीत वाचली. कराडपर्यंत काहीच कळलं नाही. साताऱ्याच्या पुढे जुलैतले चार दिवस आठवून एकेक काम त्या खोक्यांत टाकून बघितलं, तेव्हा उलगडा झाला. तिन्ही विभागांची कामं त्या चार दिवसांत मी एकटीच करत होते. बोटींचं डिझेल मीच बघत होते आणि पुढच्या बारा तासांचा विचार करणारं कुणीच नव्हतं.

सोमवारी, १० फेब्रुवारीला वर्ग सुरू झाला. आम्ही चोवीस जण होतो : महसूल, पोलीस, आरोग्य, पाटबंधारे, महावितरण, नगरपालिकांचं अग्निशमन. पहिला दिवस व्याख्यानांचा, त्यावर फार लिहिण्यासारखं नाही. दुसऱ्या दिवशी टेबलटॉप म्हणजे कागदी सराव झाला. मोठा नकाशा पसरून प्रशिक्षक एकेक प्रसंग सांगत आणि आम्ही कोण काय करेल ते बोलत असू. उपयोगी वाटला, पण त्यात घाई नव्हती. दहा मिनिटं चर्चा करून निर्णय घ्यायला पुरात कोण देतं?

खरं काम बुधवारी सुरू झालं.

दोन खोल्या होत्या. एकीत आमचा नियंत्रण कक्ष : चार पडदे, तीन फोन, एक वायरलेस, भिंतीवर फळा. काचेपलीकडच्या खोलीत प्रशिक्षक. तालुका काल्पनिक होता, पण नदी आमच्या ओळखीची वाटावी अशी बेतलेली होती. इशारा पातळी ४० फूट आणि धोका पातळी ४५ फूट, म्हणजे आयर्विनचेच आकडे. वर धरण, मध्ये एक उपनदी, काठाला एकवीस गावं. पाऊस आणि धरणाचा विसर्ग घातला की पाणी कुठल्या वेळी कुठल्या शेतात, कुठल्या रस्त्यावर येईल ते गणिती प्रारूप दाखवायचं. घड्याळ पळवलेलं होतं, आमच्या एका तासात तिथले सहा तास जायचे.

यात कृत्रिम बुद्धिमत्ता नेमकी कुठे, हे मलाही आधी कळत नव्हतं. ती तीन ठिकाणी होती. पहिलं, पाण्याचा अंदाज. गेल्या अनेक वर्षांच्या नोंदी शिकलेलं प्रारूप पुढच्या काही दिवसांची पातळी सांगतं. गुगलनं भारतात पुराचे असे अंदाज २०१८ला पाटण्यापासून सुरू केले आणि त्यांच्या फ्लड हब या संकेतस्थळावर आता सात दिवसांपर्यंतचा अंदाज दिसतो. सरावातलं प्रारूप त्याच जातीचं होतं. दुसरं, माणसं. पूर्वी अशा सरावात प्रशिक्षक आधी लिहून ठेवलेले निरोप ठरल्या वेळी पाठवायचे, तुम्ही काहीही करा, नऊ वाजता येणारा निरोप नऊलाच यायचा. इथं आमच्या निर्णयांप्रमाणे निरोप बदलत होते. गाव लवकर हलवलं तर निवारा केंद्रातून पाण्याच्या तक्रारी, उशिरा हलवलं तर छपरावरून फोन. व्हॉट्सॲपवर अफवा, पत्रकारांचे प्रश्न, सरपंचांचे आवाज, सगळं यंत्र तयार करत होतं आणि प्रशिक्षक त्यावर लक्ष ठेवून होते. तिसरं, एका पडद्यावर आमच्या मदतीला एक सहायक होता. आलेल्या शेकडो निरोपांचा गोषवारा तो काढायचा आणि विचारलं की उत्तर द्यायचा.

बुधवारी दुपारच्या फेरीत इन्सिडेंट कमांडर, म्हणजे पथकाची प्रमुख, मी होते.

सरावातल्या घड्याळात दुपारचे तीन वाजले होते, पाणी ३५ फूट, तासाला अर्धा फूट वाढत होतं. एकवीस गावांपैकी एका गावाची नदीकडे एक वाडी होती, त्रेसष्ट माणसांची. वाडी हलवायची का, हे पोलिसांकडच्या सहकाऱ्यानं दोनदा विचारलं. मी म्हटलं, चाळीसला इशारा पातळी आहे, अजून अवकाश आहे, आधी मोठ्या गावांचं बघू. वेड्यासारखं काही करत होते असं तेव्हा वाटलं नाही. फळ्यावर ४० आणि ४५ लाल खडूनं लिहिलेले होते, तेच डोळ्यांसमोर होते.

सात वाजता पाणी ३७. मी सहायकाला विचारलं, वाडीचा रस्ता चालू आहे का? उत्तर आलं : रस्ता वाहतुकीस खुला आहे. भाषा स्वच्छ, कुठे आढेवेढे नाहीत. मी दोन ट्रॅक्टर पाठवायला सांगितले, ते निघेपर्यंत साडेआठ झाले. नऊला निरोप आला की ओढ्यावरच्या फरशीवर (बुटक्या पुलावर) पाणी चढलंय आणि ट्रॅक्टर परत फिरलेत. वीज गेली. मग फोनवर एका बाईचा आवाज : “मॅडम, अंधारात काय दिसंना झालंय, पोरं हाईत बारकी.” यंत्राचा आवाज होता हे मला माहीत होतं. तरी माझा हात थरथरला.

बोट एकच होती, बारा माणसांची. पहिल्याच खेपेला वीस जण चढू पाहतायत असा निरोप आला. त्या क्षणी खोलीतले आम्ही सगळे गप्प झालो, कारण सगळ्यांना एकच गोष्ट आठवली. ८ ऑगस्ट २०१९, पलूस तालुक्यातलं ब्रह्मनाळ. पुरातून माणसं आणणारी, माणसं जास्त झालेली बोट तिथं उलटली, तेव्हा मी अव्वल कारकून होते आणि दुसऱ्या तालुक्यातल्या एका निवारा केंद्रावर माझी ड्यूटी होती. ती बातमी आली तेव्हा तिथल्या हॉलमध्ये जी शांतता पसरली होती, ती मी विसरलेली नाही.

फेरी थांबवली तेव्हा वाडीत एकेचाळीस माणसं अडकलेली होती.

त्यानंतरचा पाऊण तास माझ्या मते सगळ्या प्रशिक्षणाचा गाभा होता. कोण चुकलं हे कुणी विचारलं नाही. मुख्य प्रशिक्षक निवृत्त अधिकारी, फार शांत माणूस. त्यांनी नोंदवही मागितली आणि प्रत्येक निर्णयापाशी थांबून एकच विचारलं : “त्या वेळी तुमच्याकडे माहिती काय होती आणि ती किती वाजताची होती?” सहायकाचं उत्तर उघडून बघितलं. रस्ता खुला असल्याचा त्याचा आधार दुपारी सव्वातीनचा निरोप होता. मी सात वाजता विचारलं, तेव्हा ती माहिती पावणेचार तास शिळी होती. त्यानं खोटं सांगितलं नव्हतं, माहितीची वेळ सांगितली नव्हती आणि मी विचारली नव्हती. अशी साधनं वापरणार असाल तर प्रत्येक उत्तराला ‘हे किती वाजताचं, कुणाकडून?’ हा जोडप्रश्न विचाराच. आमच्या गटानं पुढे ते फळ्यावरच लिहून टाकलं.

मग त्यांनी नकाशा मोठा केला. वाडीच्या रस्त्यावरची फरशी साडेसदतीस फुटांना बुडत होती. ती माहिती पहिल्या दिवसापासून आमच्या फायलीत, गावनिहाय तक्त्यात होती. चाळीस हा पुलाचा आकडा होता, वाडीचा नव्हता. सांगलीतसुद्धा सूर्यवंशी प्लॉटसारख्या भागात पाणी इशारा पातळीच्या आधीच शिरतं, हे मला माहीत होतं की! माहीत असून मी लाल खडूच्या आकड्याची वाट बघत बसले.

रात्री झोप लागली नाही. वसतिगृहाच्या गॅलरीत बसून आईला फोन केला. तिला सिम्युलेशन वगैरे सांगत बसले नाही. एवढंच म्हटलं की आज माझ्यामुळे एक वाडी पाण्यात राहिली. ती थोडा वेळ काही बोललीच नाही. मग म्हणाली, “खरी न्हवं? मग उद्या नीट कर.”

गुरुवारी तोच तालुका पुन्हा मिळाला, पाऊस वेगळा. या वेळी पहिल्या अर्ध्या तासात आम्ही एकवीस गावांचे आणि वाड्यांचे आकडे काढून फळ्यावर लिहिले : रस्ता कधी बुडतो, पहिलं घर कधी, शाळा कधी. त्यावरून उलटं मोजलं. फरशी ३७.५ला बुडते, वेग तासाला अर्धा फूट, हलवायला चार तास, म्हणजे ३५.५ला वाहनं गावात हवीत. आणि सूर्यास्ताच्या आत. अंधारात माणूस घराबाहेर पडत नाही आणि पडला तर धोका दुप्पट.

दुसरा बदल जनावरांचा. आमच्याकडे म्हैस गोठ्यात असेल तर घरातला एक तरी माणूस मागं राहतोच. २०१९ला निवारा केंद्रात एक मावशी रात्रभर मला म्हशीचंच विचारत होत्या, घराबद्दल त्यांनी एकदाही विचारलं नाही. म्हणून आम्ही आधी जनावरं हलवली, चारा आणि दावणीची जागा आधी सांगितली. माणसं मागोमाग आली.

वाडी चार वाजता रिकामी झाली. पाणी सदतीसला थांबलं आणि उतरायला लागलं. फरशी बुडालीच नाही. निरोपांचा पूर आला तो वेगळाच : उगाच हलवलं, दूध संघाला दूध गेलं नाही, नुकसान कोण देणार, आणि एका वाहिनीचा प्रश्न, ‘प्रशासनाचा गोंधळ?’ या गोष्टीची तयारी मला आतापर्यंत कुणीच करून दिली नव्हती. नंतर प्रशिक्षक म्हणाले, हेही यश आहे आणि त्याची किंमत तुम्हालाच द्यावी लागेल, तेव्हा काय बोलायचं ते आजच ठरवा. आम्ही पाच ओळींचं निवेदन लिहिलं. तेव्हा आमच्याकडे काय माहिती होती, ती किती वाजताची होती, आणि का हलवलं. माफी नाही, फुशारकी नाही.

या साधनाची एक उणीव मी अभिप्रायात लिहिली, ती इथंही लिहिते. यंत्रातले गावकरी फार लवकर ऐकतात. एक आजोबा घर सोडायला तयार नव्हते, मी तीन वाक्यं नीट बोलले आणि ते तयार झाले. प्रत्यक्षात २००५चा पूर बघितलेला माणूस “तवा उंबऱ्याला शिवलं न्हाई, आता काय येतंय” म्हणून बाजेवर बसून राहतो. त्याला उठवायला पोलीस पाटील लागतो, जावई लागतो, कधी नातीचा फोन लागतो. प्रशिक्षकांनी त्याच संध्याकाळी तो स्वभाव बदलून बघितला. शुक्रवारच्या फेरीत आजोबा चाळीस मिनिटं उठले नाहीत. आमच्या आरोग्य विभागाच्या मॅडमनी त्यांच्या गोळ्यांची चौकशी केली तेव्हा कुठे ते बोलते झाले.

शुक्रवारी शेवटी चाळीस प्रश्नांची परीक्षा होती, सोपी. प्रमाणपत्राला सहा आठवडे लागले, २७ मार्चला आलं. उपस्थितीचा दाखला मात्र त्याच दिवशी मागून घ्या, देयकाला तो चालतो. माझं देयक त्याच दाखल्यावर गेलं, अजून मंजूर व्हायचं आहे.

परत आल्यावर इतके पडदे आणि काचेची खोली कुठून आणणार? पण सरावाला लागतं तरी काय : नकाशा, घड्याळ, फोन आणि निरोप. तहसीलदार साहेबांची परवानगी घेऊन २१ मेला सभागृहात अर्ध्या दिवसाचा सराव ठेवला. निरोप लिहायला मोबाइलवरच्या एआयची मदत घेतली. ‘पूरग्रस्त गावातले वीस वेगवेगळे फोन लिही’ म्हटल्यावर पहिल्यांदा पुस्तकी भाषा आली, मग आमच्या कोतवालांनी ती बसल्या बसल्या आपल्या बोलीत करून दिली. खऱ्या गावकऱ्यांची नावं किंवा फोन नंबर अशा साधनात घालू नका, सरावाला काल्पनिक नावं पुरतात. चौदा तलाठी आले होते (आता त्यांना ग्राम महसूल अधिकारी म्हणतात), शिवाय पोलीस पाटील, दोन ग्रामसेवक, बोटीवरची पोरं. पहिल्या तासाभरात आराखड्यातले चार फोन नंबर बंद निघाले. एक नंबर तीन वर्षांपूर्वी वारलेल्या सरपंचांचा होता. तो सराव तेवढ्यासाठी घेतला असता तरी चाललं असतं.

आता नोंदवहीत तीन रकाने करते : वेळ, तेव्हा काय माहीत होतं, काय ठरवलं. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ आणि ११२ हे दोन्ही नंबर प्रत्येक शाळेच्या भिंतीवर रंगवून घेतलेत. आपत्तीचे इशारे देणारं ‘सचेत’ ॲप तलाठ्यांच्या फोनवर घालून घेतलं.

आणि आकडे गोळा करते आहे. आमच्या तालुक्याच्या तक्त्यात सगळ्या गावांपुढे ४० आणि ४५च लिहिलेलं होतं, वाड्यांचा रकानाच नव्हता. मेअखेरीपासून दर शनिवारी एकेका गावाला जाते. परवा नदीकाठच्या एका वाडीत गेले होते. तलाठी, पोलीस पाटील आणि सत्तरीपुढचे एक आजोबा बरोबर होते. रस्ता कधी जातो विचारलं, तर आजोबांना फूट-इंच सांगता येईना. मारुतीच्या देवळापाशी घेऊन गेले आणि काठीनं तिसरी पायरी दाखवली. “हितं पाणी लागलं की तिकडं फरशी गेली म्हणायची.” तलाठ्यांनी २०२१च्या पुरात या पायरीला पाणी लागलं त्या दिवशीचे आपल्या फोनमधले फोटो शोधून काढले, वेळ बघितली, त्या वेळची आयर्विनची पातळी जुन्या अहवालातून जुळवली. साडेछत्तीस निघाले.

पाटलांनी पायरीवर पिवळ्या रंगाची रेघ मारून घेतली. मी वहीत लिहिलं. निघताना आजोबांनी विचारलं, “आन् म्हसरं कुठं न्यायची ते ठरलं का?” माळावरची शाळेची जागा आहे, पण तिथं पाण्याची सोय नाही. टँकरचं पत्र सोमवारी दिलंय.